गावी राहणाऱ्या आईवडिलांसाठी ऑनलाईन डॉक्टर आणि घरची मशीनं: सुरुवात कुठून करायची

आमच्या गावच्या घरी फडताळात एक स्मार्टवॉच पडलंय, त्याच्या शेजारी मनगटावर बांधायचं बीपीचं मशीन आणि एक बोलणारा स्पीकर, तिन्ही मी डोंबिवलीहून हौसेने नेलेली आणि तिन्ही बंद. चालू काय आहे तर एक दोनशे पानी वही, दंडाला पट्टा बांधायचं साधं मशीन, ग्लुकोमीटर, आणि आईचा फोन ज्याला पडवीच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते. आई ७४ ची, अण्णा ७९ चे, घर संगमेश्वर तालुक्यात, साध्या कामाला डॉक्टर देवरुखला आणि मोठं काही निघालं तर रत्नागिरी. चुका करत करत जे जमलं ते लिहितेय, गणपतीला गावी जाणार असाल तर जायच्या आधी वाचून घ्या म्हणजे तिथे चार दिवस वाया जाणार नाहीत.

मशीन घ्यायच्या आधी

पहिला प्रश्न कुठलं मशीन चांगलं हा नाही. पहिला प्रश्न हा की आकडा आला तर तो बघणार कोण. मी सुरुवातीला सगळं घेऊन दिलं, आई रोज बीपी मोजायची, आणि ते आकडे कुणीच बघत नव्हतं, मी मुंबईच्या लोकलमध्ये आणि भाऊ पुण्यात, दोघांना वाटायचं दुसरा बघतोय. दीड महिन्याने कळलं की आकडे सगळे चढेच होते आणि आईने मोजणंही सोडलं होतं, म्हणाली, "सांगून करायचं काय गो, तुम्ही विचारता थोडेच?"

म्हणून आधी हे ठरवा: घरातला एक माणूस, आठवड्यातला एक वार, आणि एक डॉक्टर ज्यांना हे आकडे दाखवायचे. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी आई वहीच्या पानाचा फोटो टाकते आणि मी तो उघडून वाचते, नुसता अंगठा दाखवत नाही. डॉक्टर तेच जे आधीपासून बघतायत. त्यांना सरळ विचारायचं की किती आकडा आला तर तुम्हाला फोन करायचा आणि किती आला तर थेट गाडी काढायची, आणि ते दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचे. हे केलं नसेल तर पुढचं काही घेऊ नका, खरंच.

आणि एका वेळी एकच. ज्याचा त्रास आहे त्याचंच मशीन. बीपी असेल तर बीपी, शुगर असेल तर शुगर, "असावं घरात" म्हणून काही आणायचं नाही.

फोन त्यांच्या डोळ्यांना आणि बोटांना जमेल असा करा

नवा फोन बहुतेक वेळा लागत नाही. सेटिंगमध्ये डिस्प्लेमध्ये जाऊन फॉन्ट मोठा करा, खाली डिस्प्ले साईज म्हणून वेगळं असतं तेही वाढवा, रिंगटोन मोठी आणि जुन्या फोनसारखी ठेवा. होम स्क्रीनवरचं सगळं काढून टाका आणि चार माणसांचे फोटो लावा, कॉन्टॅक्टचं विजेट मिळतं, फोटोवर बोट ठेवलं की थेट फोन लागतो. आमच्याकडे मी, भाऊ, शेजारची काकी आणि देवरुखचे डॉक्टर, बस.

भाषा मराठी करावी की नाही यावर दोन मतं आहेत. मी केली, आणि मग फोनवरून सांगताना माझीच पंचाईत, मी म्हणते "अलाऊ दाब" आणि तिच्याकडे "अनुमती द्या" लिहिलेलं. शेवटी मी माझाही फोन मराठी करून टाकला. तुम्हाला रोज फोनवरून शिकवायचं असेल तर तुम्हीही तेच करा, दोघांना एकच दिसलं पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर २०२३ पासून स्क्रीन शेअर करता येतो, म्हणजे आईच्या फोनवर काय दिसतंय ते मला इथे दिसतं, शिकवायला एकदम झकास. पण फसवणारे लोकही हेच करायला सांगतात, त्यामुळे आमच्या घरात नियम असा की स्क्रीन फक्त मला आणि भावाला दाखवायचा, आणि तोही आम्ही दोघांपैकी कुणी स्वतः कॉल केला असेल तरच.

बीपी: मशीनपेक्षा बसणं महत्त्वाचं

मनगटाचं मशीन घेऊ नका. हात जरा वरखाली झाला की त्याचा आकडा बदलतो, आणि म्हातारी माणसं हात मांडीवरच ठेवतात. दंडाचं घ्या, आणि घ्यायच्या आधी शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. बऱ्याच मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो. आई बारीक आहे, तिचा दंड २१ भरला, म्हणजे तिला लहान पट्टा लागतो. मोठा पट्टा बारीक दंडाला बांधला तर बीपी कमी दाखवतो आणि लहान पट्टा जाड दंडाला बांधला तर जास्त, हे मला दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

आता मोजायचं कसं, कारण खरी गडबड इथेच होते. आई काय करायची, विहिरीवरून कळशी घेऊन चढून यायची, पदर खोचलेला तसाच, ब्लाऊजच्या बाहीवरून पट्टा बांधायची आणि मशीन चालू करून अण्णांशी बोलत बसायची. १७० च्या घरात आकडा. बरोबर पद्धत अशी की मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू-मिश्री नाही, लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड. एकदा मोजून एक मिनिट थांबून परत मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा आणि ज्या हाताचं जास्त येतं तोच हात कायमचा धरा.

सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, असं डॉक्टरांकडे जायच्या आधीचे सात दिवस मोजलं तर त्यांना पुरेसं चित्र दिसतं. रोज दहादा मोजणारे अण्णांसारखे लोक असतात, त्यांच्यापासून मशीन लपवा. घरी मोजलेल्याची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, दवाखान्यात हाच आकडा १४०/९० धरतात कारण तिथे माणूस जरा घाबरलेला असतो. पण ८० च्या आसपासच्या माणसाला किती चालेल हे त्याचा डॉक्टर ठरवतो, तुम्ही आणि मी नाही. उठल्यावर चक्कर येत असेल तर तेही वहीत लिहा, गोळी जास्त होतेय का हे त्यावरून कळतं.

शुगर, आणि आंब्याचे हात

मे महिन्यात आईने सकाळी उपाशीपोटी मोजली तर २८० आली, घरात रडारड. मी व्हिडिओवर विचारलं आत्ता काय करत होतीस, तर म्हणे साटांसाठी, म्हणजे आंबापोळीसाठी, आंबे पिळत होते. हात फडक्याला पुसलेले, धुतलेले नाहीत. साबणाने धुवून कोरडे करून परत मोजली तर १३२. फळाचा रस बोटाला असला की मशीन तोच मोजतं, त्यामुळे हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे, ओल्या बोटाने रक्त पातळ होतं. टोचायचं बोटाच्या टोकावर मध्ये नाही तर कडेला, तिथे कमी दुखतं.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट. स्ट्रिपची डबी उघडी राहिली की आपल्या कोकणातल्या दमट हवेत स्ट्रिप खराब होतात आणि काहीही आकडा येतो. झाकण लगेच बंद, डबी फ्रिजमध्ये नाही, आणि डबी उघडल्याची तारीख त्यावर पेनाने लिहायची. स्ट्रिप महाग म्हणून शेजारणीच्या वापरू नका, मशीनच्या कंपनीचीच लागते. लॅबच्या आणि घरच्या आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडतो, तो चालतो, त्यावरून मशीनला शिव्या घालू नका.

म्हाताऱ्या माणसाला शुगर वाढण्याइतकीच खाली येण्याची भीती असते, जेवण चुकलं आणि गोळी मात्र घेतली की होतं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं, आणि आकडा ७० च्या खाली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, अँब्युलन्सचा १०८ लावायचा.

बाकीच्या मशीनांबद्दल थोडक्यात. ऑक्सिमीटर कोविडमधला बहुतेकांकडे आहेच, बोट गार असेल किंवा नखाला मेंदी असेल तर चुकतो, हात चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, ९० च्या खाली खरोखर आला तर वाट बघायची नाही. आणि ज्यांना हृदय कमजोर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय त्यांच्यासाठी सगळ्यात उपयोगी मशीन म्हणजे साधा वजनकाटा, ऐकून हसू येईल. रोज सकाळी एकाच वेळी वजन करायचं, तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते जेवणाचं वजन नाही, अंगात पाणी साठतंय, दम लागायच्या आधीच डॉक्टरांना फोन करता येतो.

ई-संजीवनी: घरबसल्या सरकारी डॉक्टर

सरकारची ही सेवा लोकांसाठी १३ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये सुरू झाली, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली आहे आणि फुकट आहे. त्याच्या थोडं आधी, २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, म्हणजे फोनवर डॉक्टरने तपासणं आता रीतसर आहे, कुणी "असं चालतं का" म्हणालं तर सांगा.

अ‍ॅप घ्या, मोबाईल नंबर टाका, ओटीपी येतो, पेशंटचं नाव-वय भरा, राज्य निवडा, त्रास काय तो निवडा, जुने रिपोर्ट फोटो काढून जोडता येतात, मग ओपीडी निवडली की टोकन मिळतं आणि नंबर आला की व्हिडिओ सुरू होतो. संपल्यावर चिठ्ठी पीडीएफमध्ये येते, ती मेडिकलवाल्याला दाखवायची. ओपीडीच्या वेळा असतात, त्या बघून बसा, आणि नंबर येईपर्यंत अर्धा तासही जाऊ शकतो, चार्जिंग बघा.

फोन हाताळणं अजिबात जमत नसेल तर दुसरी वाट आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. गावातलं उपकेंद्र, ज्यावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी तुमच्या आईवडिलांना समोर बसवून त्यांच्या टॅबवरून मोठ्या डॉक्टरांशी ई-संजीवनीवर बोलणं करून देतात, बीपी-शुगर तिथेच मोजतात, औषध असेल तर तिथलंच देतात. गावी गेलात की एकदा स्वतः जाऊन त्यांना भेटून या, ओळख काढा. ही ओळख माझ्या सगळ्या मशीनांपेक्षा जास्त कामी आलीय.

व्हिडिओवर बसायच्या आधीची तयारी:
– खिडकीकडे तोंड करून बसवा, खिडकी पाठीमागे असली की डॉक्टरला काळी सावली दिसते.
– फोन हातात नको, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवा.
– ऐकू कमी येतं त्यांना वायरवाला इअरफोन, स्पीकरवर घुमतं.
– चालू गोळ्यांची पाकिटं सगळी समोर, आयुर्वेदिक आणि शेजाऱ्याने दिलेलीसुद्धा.
– तीनच प्रश्न कागदावर. आई डॉक्टर दिसले की "बरी आहे" म्हणते आणि फोन ठेवल्यावर मला गुडघ्याचं सांगते.

तुम्ही मुंबईहून एकट्याने बोलून चालत नाही, शक्यतो पेशंट समोर असू द्या, तुम्ही कॉन्फरन्सवर या. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असलाच पाहिजे, नसेल तर ती चिठ्ठी नाही. आणि झोपेच्या काही गोळ्या, नशा आणणारी औषधं ऑनलाईन लिहून देता येत नाहीत, तेव्हा त्यावरून डॉक्टरशी भांडू नका, नियमच तसा आहे. पोट दाबून बघायचं असेल, छाती ऐकायची असेल तर डॉक्टर स्वतःच म्हणतील इकडे या. मग एसटी पकडायची, त्यात ऑनलाईनचा पराभव वगैरे काही नाही.

कार्डांचा घोळ

आभा आणि वय वंदना ही दोन वेगळी कार्डं आहेत, आमच्या वाडीत निम्मे लोक एकच समजतात. आभा म्हणजे १४ आकडी नंबर, रिपोर्ट एका जागी ठेवायला, त्यातून पैसे मिळत नाहीत. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत ओपीडीच्या खिडकीवर क्यूआर लावलेला असतो, आभाच्या अ‍ॅपने तो स्कॅन केला की केसपेपरच्या रांगेत उभं राहायला लागत नाही, म्हाताऱ्या माणसासाठी एवढा फायदा खूप झाला. आयुष्मान वय वंदना हे ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा दवाखान्यात भरती व्हायचा खर्च, योजनेतल्या हॉस्पिटलातच. घरात दोघं सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. ओपीडीची फी किंवा रोजच्या गोळ्या यात येत नाहीत.

दोन्हीत ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो. आमचा तो नंबर दहा वर्षांपूर्वी बंद पडलेला निघाला. तुम्ही हे गावी पोचायच्या आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर सुट्टीतला एक अख्खा दिवस आधार केंद्रात.

फसवणूक

एकदा अण्णांनी एका मोठ्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घ्यायला गुगलवर नंबर शोधला, जो वर आला तो लावला, समोरचा गोड बोलला, म्हणाला नोंदणीचे १० रुपये भरा आणि मी पाठवतो ती फाईल उघडा. फाईल म्हणजे अ‍ॅप. नशीब, त्या कोपऱ्यात तेव्हा रेंज गेली. खोटे नंबर असेच पसरवलेले असतात, म्हणून डॉक्टरांचे आणि दवाखान्यांचे नंबर केसपेपरवरून बघून तुम्हीच फोनमध्ये सेव्ह करा, शोधायची वेळच येऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कुठलंही अ‍ॅप उघडायचं नाही, ओटीपी फक्त आपण स्वतः काही करत असू तेव्हाच टाकायचा, फोनवर कुणाला सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, त्याच मिनिटाला १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाईन.

अर्ध्या रात्री काय

छातीत दुखणं, दम, तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, बोबडं बोलणं, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असताना डोक्यावर पडणं, यातलं काहीही असेल तर अ‍ॅप उघडायचं नाही. १०८. लकवा असेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून "सकाळी बघू" म्हणायचं नाही आणि शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लक्षात ठेवायची. १०८ वाल्यांना पत्ता सांगता यायला पाहिजे, वाडीचं नाव, डांबरी कुठपर्यंत, पुढे कुठल्या देवळापाशी माणूस उभा राहील. हे एका कागदावर लिहून फोनशेजारच्या भिंतीला चिकटवा, घाबरलेल्या माणसाला स्वतःचं गाव आठवत नाही. तोच कागद पुढे वाढवून त्यावर १४५६७ लिहा, ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन, आणि १४४१६ टेलि-मानस, मनाला फार एकटं वाटत असेल, झोप लागत नसेल तर, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. अण्णांच्या भावाच्या मिसेस गेल्यावर काकांनी हा नंबर दोनदा लावला, आम्हाला नंतर कळलं.

घड्याळाचं काय, विचाराल. पडल्यावर आपोआप फोन लावणारी घड्याळं आहेत आणि ज्याला घड्याळ घालायची सवय आहे त्याला ती चांगली, पण रोज चार्ज करायला लागतात आणि आई आंघोळीला जाताना नेमकं काढून ठेवायची, पडण्याची जागा तीच. "तुझं घड्याळ तूच घाल गो" म्हणून परत मिळालं. ईसीजी दाखवणारी घड्याळं ठोके अनियमित आहेत का ते सांगतात, हार्ट अटॅक ओळखत नाहीत, तेव्हा घड्याळाने ठीक म्हटलं म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नका. घरात कॅमेरा लावायचा विषय मी काढला होता, आईने एका वाक्यात संपवला आणि ते बरोबरच होतं. त्याऐवजी बाथरूममध्ये धरायचा दांडा आणि खरखरीत मॅट बसवली, आणि असं ठरलं की आई रोज सकाळी आठच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी पाठवणार, फूल, देव, काहीही. नऊपर्यंत आलं नाही तर मी फोन करते, उचलला नाही तर शेजारच्या काकीला. एवढ्यावर चाललंय.

निघायच्या आदल्या दिवशी

सगळं शिकवून झालं की रंगीत तालीम घ्या, आणि तेव्हा तुम्ही घरात थांबू नका. मी काकीकडे जाऊन बसले आणि आईला म्हटलं आता तू एकटीने बीपी मोज, वहीत लिही, फोटो पाठव, मला व्हिडिओ लाव, आणि मग ई-संजीवनी उघडून टोकनपर्यंत जाऊन दाखव. बीपी झालं, फोटो आला, व्हिडिओ लागला. ई-संजीवनीवर मात्र पंधरा मिनिटं काहीच नाही. जाऊन बघते तर स्क्रीनवर कॅमेरा वापरू देऊ का म्हणून विचारत होतं आणि आई हात न लावता बसलेली, "परक्याला कॅमेरा कशाला देऊ, तूच सांगितलंस ना." ती परवानगी पहिल्यांदाच विचारली जाते, ती तुम्ही तिथे असतानाच देऊन टाका. मशीनचे सेल नवे घाला, एक जोड जास्तीचा वहीच्या पाकिटात ठेवा, स्ट्रिपची एक्सपायरी बघा.